आधी रुळांची वाट, मग शहरं: गोव्यातून निघून रेल्वेने युरोपची सुट्टी कशी आखावी

युरोपला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी शहरांची यादी होते. पॅरिस तर हवंच, स्वित्झर्लंडशिवाय कसं चालेल, मुलांना रोम बघायचंय, आणि लिस्बनला नात्यातलं कोणीतरी आहे तेव्हा तिकडेही दोन दिवस. मग ही शहरं जोडणाऱ्या गाड्यांचा शोध सुरू होतो आणि तिथेच घोळ होतो. पंधरा दिवसांत आठ हॉटेलं, रोज सकाळी बॅगा भरायच्या, आणि मधल्या दोन-तीन टप्प्यांना शेवटी विमानच. डिचोली, फोंडा, म्हापसा इकडच्या ओळखीच्या कुटुंबांबरोबर बसून अशा सहली आखताना मी आता एकच आग्रह धरतो: आधी रुळांची वाट ठरवा आणि त्या वाटेवर जी ठिकाणं येतात त्यांतली मोजकी निवडा. व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, पास घ्यायचा की सुटी तिकिटं, विमान कुठे उतरवायचं, हे बरंचसं त्या एका निर्णयातून सुटत जातं.

भारतातून थेट रेल्वेनेच परदेशात जाता येतं का, असं पुष्कळ जण विचारतात. आज त्याला मर्यादित उत्तर आहे. पाकिस्तानला जाणारी समझौता एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये थांबली. बांगलादेशच्या मैत्री, बंधन आणि मिताली या गाड्या जुलै २०२४ मध्ये बंद पडल्या. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळमधल्या जनकपूरला मात्र एप्रिल २०२२ पासून प्रवासी गाडी आहे. जनकपूरच्या जानकी मंदिराची ओढ असेल तर वास्कोहून पाटण्याला जाणाऱ्या गाडीने ही यात्रा जमते, नेपाळसाठी आपल्याला व्हिसाही लागत नाही. पण रेल्वेने देश ओलांडत, खिडकीतून भूगोल बदलताना बघत सुट्टी घालवायची असेल, तर विमानाने युरोपात उतरून पुढे रुळांवर राहणं हाच सरळ मार्ग. पुढचं सगळं त्याबद्दल.

वाट कशी निवडायची

भिंतीवरच्या नकाशाने फसायला होतं. दोन शहरं बोटभर अंतरावर दिसतात आणि मध्ये धड गाडीच नसते. लिस्बनचंच घ्या. आपल्याकडे पोर्तुगालची ओढ स्वाभाविक आहे आणि बरेच जण लिस्बनहून सुरुवात करून माद्रिद, मग पॅरिस असा बेत करतात. लिस्बन ते माद्रिद रात्रीची गाडी होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि परत आली नाही. आता हा प्रवास गाड्या बदलत, बदाहोसमार्गे, जवळजवळ अख्खा दिवस खातो. म्हणून पोर्तुगाल इतर देशांच्या शेपटीला बांधू नका. त्याची वेगळी वाट आहे आणि ती सुंदर आहे. लिस्बनहून कोइंब्रामार्गे पोर्तोला वेगवान गाडीने साधारण तीन तास. पोर्तोच्या साव बेंतो स्थानकाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांची भव्य चित्रं आहेत. पणजीत फोंतेन्यशच्या घरांवर नावाच्या छोट्या फरशा बघत मोठे झालेल्यांनी त्यांच्यासमोर थोडा वेळ उभं राहावंच. पोर्तोहून दोरू नदीच्या काठाने पोसिन्योपर्यंत एक लाइन जाते, तिच्यासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. मग पोर्तोहून उत्तरेला सेल्टा गाडीने स्पेनमधलं व्हिगो, तिथून सांतियागो दे कोंपोस्तेला आणि शेवटी वेगवान गाडीने माद्रिद.

या वाटेवर दोन गोष्टी नीट लिहून ठेवा. सेल्टा व्हिगोच्या गिशार स्थानकावर येते, पण सांतियागोच्या वेगवान गाड्या उर्साइस या दुसऱ्या स्थानकावरून सुटतात. मधलं अंतर बॅगा ओढत चालण्याचं आहे, ते जोडणीच्या वेळेत धरायला हवं. आणि पोर्तुगालचं घड्याळ स्पेनपेक्षा एक तास मागे असतं. तिकिटावर सुटण्याची वेळ पोर्तुगालची आणि पोचण्याची स्पेनची असते, तेव्हा पुढची गाडी पकडताना हिशेब चुकू देऊ नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्या, मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असलेल्या कुटुंबाला मी आल्प्सची वाट सुचवतो. झुरिकला उतरायचं आणि व्हिएन्नाहून परत निघायचं. लुत्सर्नला चार रात्री, खूरला एक, कोमो सरोवराच्या काठी वारेन्ना या गावात दोन, व्हेनिसला दोन, व्हिएन्नाला चार. तेरा रात्री, पाच मुक्काम, आणि कुठेही मागे वळायचं नाही. झुरिक विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्थानक आहे आणि तिथून लुत्सर्नला थेट गाडीने तासाभरात पोचता येतं, म्हणजे पहिल्या दिवशी थकलेल्या अंगाने टॅक्सी शोधायला नको. लुत्सर्नला चार रात्री यासाठी की तिथून रोज एक वेगळी छोटी सहल होते. एक दिवस बोटीने सरोवर, एक दिवस पिलातुस. पिलातुसची दातेरी रुळांची गाडी १८८९ पासूनची, जगातली सर्वांत उभ्या चढाची, ४८ टक्क्यांची. ती साधारण मे ते नोव्हेंबर या काळातच धावते. एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये काही रोपवे देखभालीसाठी बंद असतात, म्हणून मेमध्ये जाणाऱ्यांनी प्रत्येक डोंगराची तारीख त्याच्या संकेतस्थळावर तपासूनच दिवस ठरवावा.

या वाटेचा खरा गाभा म्हणजे खूर ते तिरानो. लाल रंगाची ही छोट्या गेजची गाडी आल्बुला आणि बर्निना या दोन लाइनींवरून आल्प्स ओलांडते. २००८ पासून दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ६५ मीटर उंचीच्या लांडवासर पुलावरून गाडी वळत वळत थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. पुढे ओस्पित्सिओ बर्निना इथे २,२५३ मीटरवर चढते आणि तिथून ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते. आपल्याकडे कुळे ते कॅसलरॉक या ब्रागांझा घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, आणि मालगाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. बर्निनावर चढ ७ टक्क्यांपर्यंत जातो, तोही दातेरी रुळांशिवाय. दूधसागरच्या खालून ज्याने गाडी वर चढताना ऐकली आहे त्याला या आकड्याचं मोल कळेल. ब्रुझिओला तर उतार कमी करण्यासाठी रूळ एका गोल पुलावरून स्वतःभोवतीच फिरवले आहेत, आणि उघड्या शेतात ती प्रदक्षिणा खिडकीतून पूर्ण दिसते.

इथे पैसे वाचवणारी एक गोष्ट आहे. बर्निना एक्सप्रेस नावाच्या पॅनोरमिक गाडीला आसनाचं आरक्षण सक्तीचं आणि वेगळ्या पैशांचं आहे. पण त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही जातात. त्यांना आरक्षण लागत नाही, मध्ये गाडी बदलावी लागते एवढंच. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, त्यामुळे फोटोत काचेची चमक येत नाही. मध्ये एखाद्या स्थानकावर उतरून सरोवराकाठी हिंडून पुढच्या गाडीने जाता येतं. मी नेहमी साधी गाडीच सुचवतो. तिरानोला लाल गाडी गावाच्या चौकातून, देवळाच्या अंगणाला लागून जाते, आणि जिथे ती थांबते त्याच चौकात इटालियन रेल्वेचं दुसरं स्थानक आहे. तिथून मिलानच्या प्रादेशिक गाडीत बसायचं. ती सरोवराच्या काठाने जाते आणि वाटेत वारेन्नाला थांबते. त्या गाडीत उजव्या हाताची खिडकी धरा, पाणी त्या बाजूला असतं.

पुढे वारेन्नाहून मिलान, मिलानहून साधारण अडीच तासांत व्हेनिस, आणि व्हेनिसहून व्हिएन्नाला थेट गाडी. रात्रीचीही आहे, तरी मी दिवसाची सांगेन, कारण शेवटी ती सेमरिंग घाटातून जाते. १८५४ साली पूर्ण झालेला हा आल्प्समधला जुना रेल्वेघाट अंधारात झोपून पार करण्यात अर्थ नाही.

तुमची वाट यापेक्षा वेगळी असू शकते. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही ओळही पहिल्या खेपेला चांगली, खर्चही आटोक्यात राहतो. कसोट्या मात्र तीन ठेवा. एका दिशेने जाणं व्हावं, मुक्काम बदलण्याच्या दिवशी गाडीत पाच-सहा तासांपेक्षा जास्त जाऊ नयेत (अपवाद एखादा), आणि एका रात्रीचे मुक्काम एक-दोनच असावेत. कागदावर चार रकाने काढा: तारीख, कुठून कुठे, दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ, रात्र कुठे. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. गाडी अडीच तासांची असली तरी हॉटेल सोडणं, स्थानक गाठणं, उतरून नवं घर शोधणं हे धरून अर्धा दिवस जातोच.

कधी जायचं

आपल्या शाळांच्या सुट्टीमुळे मे महिना ठरलेला, आणि तो वाईट नाही. दिवस मोठे, हवा थंड, पर्यटकांची खरी गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये. पण मेमध्ये तिकडे असेन्शन आणि पेंटेकॉस्टच्या सणांना जोडून सुट्ट्या येतात आणि त्या दिवशी लांबच्या गाड्या भरून वाहतात. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला त्या वर्षीच्या तारखा विचारा आणि त्या दिवशी मुक्काम बदलू नका. चतुर्थीच्या आसपास घर सोडून कोणी जात नाही, पण चतुर्थी झाल्यावरचा सप्टेंबर शाळेची अडचण नसलेल्या जोडप्यांना सर्वांत चांगला. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा शेवटचा रविवार लक्षात ठेवावा. त्या पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात आणि मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तासांऐवजी साडेचार तास मागे होतो. रेल्वेचं नवं वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या मध्यात लागू होतं, त्यामुळे गेल्या वर्षीच्या कोणाच्या कागदावर विसंबू नका.

विमान: उतरायचं एकीकडे, चढायचं दुसरीकडे

परतीचं तिकीट काढताना संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय घ्या: जाताना झुरिक, येताना व्हिएन्नाहून. बऱ्याचदा हे साध्या परतीच्या तिकिटाच्या जवळपासच पडतं आणि पहिल्या शहरात परत जाण्याचा दिवस व खर्च दोन्ही वाचतात. मोपा किंवा दाबोळीहून मुंबई, दिल्ली किंवा आखाती शहरामार्गे जावं लागतं. शक्यतो गोव्यापासूनचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे मधलं विमान चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. मुंबईहून वेगळं तिकीट काढून कोकणकन्याने किंवा वंदे भारतने जाणार असाल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, वेग कमी असतो. पावसात दरड आली तर हातात एक दिवस हवाच.

उतरल्या दिवशी लांबची, वेळेला बांधलेली गाडी घेऊ नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात शिरताना, नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला फोटो घेऊन नोंदणी करतात, त्यामुळे रांग किती वेळ खाईल सांगता येत नाही.

व्हिसा

वर सांगितलेले युरोपातले सगळे देश शेंगेन क्षेत्रात आहेत. आता त्यात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन आणि आयर्लंड यात नाहीत. स्विंडनला किंवा लंडनला नातेवाइकांकडे जायचं असेल तर वेगळा व्हिसा लागेल, म्हणून पहिल्या सहलीत ते जोडू नये असं माझं मत.

अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार आहात. समान दिवस असतील तर जिथे आधी प्रवेश करता त्या देशाकडे. वरच्या बेतात स्वित्झर्लंडमध्ये पाच रात्री आहेत, इटलीत चार आणि ऑस्ट्रियात चार, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे. चार रकान्यांचा तो कागद इथे उपयोगी पडतो. शेवटच्या क्षणी व्हिएन्नात दोन रात्री वाढवल्या तर देशच बदलतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ पर्यंत. मेसाठी जायचं तर जानेवारीतच अपॉइंटमेंट बघायला लागा, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्या मिळणं कठीण होतं. कोणत्या देशाचा अर्ज पणजीत देता येतो आणि कोणत्यासाठी मुंबई गाठावी लागते ते त्या देशाच्या व्हिसा केंद्राच्या पानावर आधी तपासा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीनंतर तीन महिने तरी वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. विमा निदान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरण, रजेचं पत्र ही नेहमीची कागदपत्रं आहेतच.

आपल्याकडे वारंवार येणारी एक अडचण सांगतो. घरचा माणूस बोटीवर असतो आणि आई एकटी मुलांना घेऊन निघते. अशा वेळी वडिलांचं संमतिपत्र आणि त्यांच्या पासपोर्टची प्रत लागते. ते समुद्रावर असताना सहीसाठी धावाधाव होते, तेव्हा ते घरी असतानाच हे कागद करून ठेवा. घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्या व्यक्तीला व्हिसा लागत नाही, पण भारतात परतताना तिचं ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड बरोबर हवं.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेही भरू नका. हॉटेलं रद्द करता येतील अशी घ्या, आणि गाड्यांची नुसती नावं-वेळा प्रवासाच्या कार्यक्रमात लिहा.

पास की सुटी तिकिटं

आपल्या तिकिटाच्या सवयी तिकडे बाजूला ठेवाव्या लागतात. वेटिंग नाही, आरएसी नाही, चार्ट लागण्याची वाट पाहणं नाही. लांबच्या गाड्यांची सवलतीची तिकिटं साधारण तीन ते सहा महिने आधी खुली होतात, सुरुवातीला स्वस्त असतात आणि जशी विकली जातात तसा दर चढतो. स्वस्त तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं, गाडी चुकली तर ते गेलं. याउलट प्रादेशिक गाड्यांचा दर ठरलेला असतो, आज काढा की महिनाभर आधी. तिरानो ते वारेन्ना अशा टप्प्यासाठी आधी काही करायची गरजच नाही.

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास आहे, ३३ देशांत चालणारा. त्याचे दोन प्रकार आहेत: एक सलग दिवसांचा, दुसरा फ्लेक्सी, म्हणजे एका महिन्यात कोणतेही ४, ५ किंवा ७ दिवस, किंवा दोन महिन्यांत १० वा १५ दिवस. प्रवासाचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. मोठ्यांबरोबर ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोफत, पण त्यांचाही पास नावाने काढावा लागतो. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना आणि ६० च्या पुढच्यांना सवलत आहे.

पास परवडतो का, याचा हिशेब भावनेने करू नका. समजा सात दिवसांचा पास ३८५ युरोंचा आहे. म्हणजे एका दिवसाचे ५५ युरो. आता तुमच्या कागदावरच्या प्रत्येक प्रवासदिवसाचं आजचं सुटं तिकीट बघून शेजारी लिहा. एखाद्या दिवशी सुटं तिकीट १२ युरो असेल तर तो दिवस पासात घालणं तोट्याचं. जे दिवस ५५ च्या वर जातात तेवढेच मोजा. मग दुसरी वजाबाकी: फ्रान्समधल्या टीजीव्ही, इटलीतल्या फ्रेच्चारोसा, स्पेनमधल्या वेगवान गाड्या आणि युरोस्टार यांना पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि काही गाड्यांत पासधारकांच्या जागा मर्यादित असतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत नुसता पास पुरतो. म्हणून माझं सरळ मत: जर्मनी-ऑस्ट्रिया-चेक असा लांब पल्ल्यांचा, वेळेत बदल होऊ शकेल असा बेत असेल तर पास घ्या. फ्रान्स-स्पेन-इटली आणि तारखा पक्क्या असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतील.

आल्प्सच्या वाटेसाठी मी युरेल घेणार नाही. पहिल्या पाच-सहा दिवसांसाठी स्विस ट्रॅव्हल पास बघा. तो ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, त्यात गाड्या, सरोवरातल्या बोटी, पिवळ्या पोस्टबस, शहरातल्या ट्राम आणि ५०० हून अधिक संग्रहालयं येतात, आणि बर्निना लाइनवर तो थेट तिरानोपर्यंत चालतो. आईवडिलांबरोबर १६ वर्षांखालची मुलं फॅमिली कार्डावर मोफत. दोन-तीन महागड्या डोंगरांवर जायचं आणि बाकी एका जागी राहायचं असेल तर त्याऐवजी हाफ फेअर कार्ड घ्या. बहुतेक डोंगरी गाड्यांवरही त्याने निम्मं भाडं लागतं. मग तिरानो-वारेन्ना-मिलान जागेवर, आणि मिलान-व्हेनिस व व्हेनिस-व्हिएन्ना ही दोनच तिकिटं व्हिसा आल्याबरोबर काढायची.

तिकीट त्या त्या देशाच्या रेल्वेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढावं: स्वित्झर्लंडची एसबीबी, ऑस्ट्रियाची ओबीबी, इटलीची त्रेनइतालिया, पोर्तुगालची सीपी. सगळ्या युरोपच्या वेळा एकत्र बघायला जर्मन रेल्वेचं ॲप उत्तम. शोधताना स्थानकाचं स्थानिक नाव टाका: व्हिएन्ना म्हणजे वीन, व्हेनिस म्हणजे व्हेनेत्सिया, फ्लोरेन्स म्हणजे फिरेन्से. व्हेनिसला दोन स्थानकं आहेत. मेस्त्रे मुख्य भूमीवर आहे, सांता लुचिया बेटावर. पॅरिसमध्ये तर दिशेप्रमाणे वेगवेगळी मोठी स्थानकं आहेत आणि एका गाडीतून उतरून दुसरी पकडायला मेट्रोने शहर ओलांडावं लागतं.

सामान आणि शिधा

हमाल नाहीत. गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. डब्याच्या पायऱ्या असतात आणि बॅग स्वतःच्या हाताने वर ठेवायची असते. म्हणून नियम एकच: जी बॅग तुम्ही दोन जिने उचलून चढू शकत नाही ती घरी ठेवा. माणशी एक मध्यम बॅग आणि एक पाठीवरची पिशवी. मुक्काम स्थानकापासून चालत दहा मिनिटांत हवा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

लुत्सर्न आणि व्हिएन्नाच्या लांब मुक्कामांना स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. दिवसभर हिंडून आल्यावर गरम पेज आणि लोणचं मिळालं की आजी-आजोबांची अर्धी तक्रार मिटते. सोमवार पाळणाऱ्यांचीही सोय होते. तांदूळ तिकडे सहज मिळतो. रविवारी स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्थानकांतली सुपरमार्केट उघडी असतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

घरून काय न्यायचं हे मात्र जपून. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवासी सामानातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे वगळा. मेमध्ये लिस्बनच्या भाचीसाठी मानकुराद न्यावा असं फार वाटतं, पण ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियान यांना आहे. आमसुलं, चण्याचं खाजें, मसाले, पोहे असे कोरडे पदार्थ बंद पाकिटात न्या.

गाडीच्या दिवशी

स्थानकावर वीस मिनिटं आधी पोचलात तर पुष्कळ. लंडनला जाणाऱ्या-येणाऱ्या युरोस्टारला मात्र विमानासारखी तपासणी असते आणि सुटण्यापूर्वी अर्धा तास दार बंद होतं. स्पेनमध्ये वेगवान गाड्यांआधी सामान यंत्रातून जातं. फलकावर गाडीचा क्रमांक बघा, शेवटचं स्थानक बघा, मग प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे भाग असतात आणि तुमचा डबा कुठे येणार ते फलकावर दिसतं. आधीच तिथे उभं राहा. काही गाड्या वाटेत तुटून दोन दिशांना जातात, म्हणून डब्याच्या दाराजवळ लिहिलेलं ठिकाण वाचूनच चढा. दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवा. इटलीत कागदी प्रादेशिक तिकीट गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात घालून छाप मारून घ्यावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. पास किंवा तिकिटाबरोबर पासपोर्ट दाखवायला सांगू शकतात. स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांना नाणी लागतात, एक छोटी पुरचुंडी खिशात असू द्या. डब्यात शांततेचा भाग असेल तर तिथे व्हिडिओ कॉल नको.

गाड्या बदलताना जोडणीत किती वेळ ठेवायचा? स्वित्झर्लंडमध्ये सात-आठ मिनिटंही पुरतात, सगळं वेळापत्रक त्यासाठीच बांधलेलं आहे. जर्मनीत उशीर नेहमीचा, तिथे पाऊण तास ठेवा. देश बदलताना तासभर. आणि दिवसाची शेवटची गाडी कधीही बेतात धरू नका, तिच्या आधीची घ्या.

शक्य तिथे संपूर्ण टप्पा एकाच तिकिटावर काढा. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर पुढच्या गाडीने पाठवण्याची जबाबदारी रेल्वेची राहते. दोन वेगळी तिकिटं असतील तर ती राहत नाही. अशा वेळी घाबरून नवं तिकीट काढू नका. आधी गाडीतल्या कंडक्टरकडे किंवा माहिती खिडकीवर जा आणि उशीर झाल्याची नोंद तिकिटावर करून घ्या. युरोपीय संघाच्या नियमानुसार मुक्कामाला तासभर किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर प्रवास सोडून पैसे परत घेता येतात. प्रवास पूर्ण केलात आणि ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याचा २५ टक्के भाग, १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त झाला तर ५० टक्के भरपाई मिळते. वादळ-पुरासारखी असाधारण कारणं याला अपवाद आहेत. अर्ज ऑनलाइन होतो, घरी आल्यावरही करता येतो, फक्त तीन महिन्यांच्या आत करा आणि तोवर तिकिटं व आरक्षणाचे कागद टाकून देऊ नका.